तिसऱ्या तासाला बीपी पडतो: वेळ वाढवावी की ड्राय वेट?

हिमोडायलिसिसवरचा रुग्ण, आठवड्यातून ३ वेळा, ४ तास. ड्राय वेट (जादा पाणी निघाल्यावरचं ठरवलेलं वजन) ६२ किलो, मधल्या दिवसांत वाढ साधारण ३.२ किलो. म्हणजे यूएफ (मशीनने शरीरातलं पाणी काढणं) तासाला ८०० मिली, किलोमागे जवळपास १३ मिली. सुरुवातीला बीपी १४०/८०. तिसऱ्या तासात ९०/५० आणि पोटऱ्यांत गोळे. यूएफ थांबवून, पाय वर करून १०० मिली सलाईन दिलं की सावरतो, पण मग ठरलेलं पाणी निघत नाही.

डायलायझेटचं (मशीनमधल्या डायलिसिसच्या द्रवाचं) तापमान ३७ वरून ३५.५ पर्यंत आणलं (थंडी वाजल्याची कुरकुर, फरक थोडाच). बीपीची सकाळची गोळी डायलिसिसनंतर देतोय, मशीनवर असताना खाणं बंद. डायलायझेटमधलं सोडियम १३८ च ठेवलंय. वाढवलं की तहान लागते आणि पुढच्या वेळी वजन आणखी.

विचाराल म्हणून: मधुमेह आहे, लघवी जवळपास नाही, इको ठीक, हिमोग्लोबिन १०.२, ताप किंवा छातीत दुखणं नाही. सूज नाही, फुप्फुसं स्वच्छ. चौथं सत्र शक्य नाही, अर्धा तास वाढवता येईल.

नेफ्रॉलॉजिस्टसमोर काय मांडू? आधी ४.५ तास (यूएफ किलोमागे ११.५ वर येतो), की ड्राय वेट अर्धा किलो वर?