रिपोर्टात साधं 'वुई चेंज्ड' लिहिलं तर इंग्रजी कच्चं दिसतं का?

रबाळे_बी_शिफ्ट
नमस्कार मंडळी. मी रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, मराठी मीडियमचा, बोलायला अडत नाही पण रिपोर्ट लिहायचा म्हटलं की घाम फुटतो. परवा रात्री फ्लँज, म्हणजे दोन पाइपांचा जोड, लीक झाला, आम्ही लाइन बंद करून त्यातलं गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी चकती, बदललं, मी लिहिलं 'द फ्लँज लीक्ड. वुई चेंज्ड द गॅस्केट.' साहेबांनी लाल पेनाने खोडून केलं 'रिप्लेसमेंट ऑफ गॅस्केट वॉज कॅरीड आऊट ड्यू टू लीकेज फ्रॉम फ्लँज' आणि सगळ्यांसमोर म्हणाले, शाळेतल्या पोरासारखं लिहितोस. तेव्हापासून क्रियापद दिसलं की त्याला शन नाहीतर मेंट लावत बसतो, एका पानाला दोन तास जातात आणि शेवटी मलाच वाचून कळत नाही नक्की काय झालं होतं. फॉर्मल इंग्रजी म्हणजे हेच का?

नौपाड्याची_टीचर
दादा, तुझं वाक्य चुकीचं नव्हतं, हे आधी डोक्यात पक्कं कर. मी ठाण्यात आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना रायटिंग शिकवते, दर बॅचला हा गोंधळ असतोच. क्रियापदाचं नाम करणं, याला नॉमिनलायझेशन म्हणतात, फेलचं फेल्युअर, रिमूव्हचं रिमूव्हल, मूव्हचं मूव्हमेंट. पण हे भारदस्त दिसायला आलेलं नाही, याला खरं काम आहे. हॅलिडे नावाचे भाषातज्ज्ञ होते, त्यांनी न्यूटनच्या १७०४ च्या प्रकाशावरच्या लिखाणापर्यंत मागे जाऊन दाखवलंय की शास्त्राच्या इंग्रजीत ही सवय कशी रुजली. आधी एक गोष्ट घडली म्हणून सांगायची, मग तीच एका शब्दात धरून पुढच्या वाक्याच्या सुरुवातीला ठेवायची. बघ: 'द पंप फेल्ड ॲट नाइट. द फेल्युअर स्टॉप्ड टू लाइन्स.' इथे फेल्युअर किती छान बसलंय, मागचं सगळं त्या एका शब्दात आलं.
आता साहेबांचं वाक्य घे. त्यात क्रियापद कुठलं उरलं? 'वॉज कॅरीड आऊट'. त्यातून काहीच कळत नाही. असं पोकळ क्रियापद दिसलं की समज, खरं क्रियापद नामात जाऊन बसलंय, त्याला बाहेर काढ.

कळव्याचे_काका
मॅडम बरोबर बोलतायत. मी सरकारी नोकरीत जन्मभर टिपण्या लिहिल्या, मराठीतही हेच आहे बाळा. जमिनीची मोजणी म्हणतो ना आपण, ती मोजणीच, तिला अर्ज असतो, फी असते, तारीख असते, ती एक वस्तूच झाली, तिथे नाम हवंच. पण नुसतं जाऊन बघून आलो आणि लिहिलं 'पाहणी करण्यात आली', तर कोणी पाहिलं ते गेलं ना वाक्यातून! पुढे काही विचारायचं झालं तर कोणाला विचारणार?

वाशी_सीएस
थोडं वेगळं सांगते. काही कंपन्यांत रिपोर्टात 'वुई' चालतच नाही, तिथे भांडू नकोस. 'द गॅस्केट वॉज रिप्लेस्ड' लिही, कर्ता नाही पण क्रियापद जिवंत आहे. पॅसिव्ह, म्हणजे कर्मणी प्रयोग, वेगळं आणि नॉमिनलायझेशन वेगळं, लोक दोन्ही एकत्र करतात. आणि कोणी म्हणालं की साधं लिहिणं बालिश, तर सांग, अमेरिकेत शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या एसईसीने १९९८ मध्ये साध्या इंग्रजीचं हँडबुक काढलं, त्यात अशा नामांना हिडन व्हर्ब्ज, म्हणजे लपलेली क्रियापदं, म्हटलंय आणि ती शोधून परत क्रियापदं करा असं सांगितलंय. कंपन्यांच्या कागदपत्रांसाठी! एसओपीची, म्हणजे काम कसं करायचं त्या ठरलेल्या सूचनांची, हेडिंग मात्र नामातच ठेव, 'रिप्लेसमेंट ऑफ गॅस्केट' ही तिथलीच भाषा आहे.

रबाळे_बी_शिफ्ट
ताई, मॅडम, काका, खूप आभार. आता असं केलंय: 'द फ्लँज लीक्ड ॲट २:४० एएम. द लीकेज रीच्ड द केबल ट्रे, सो द लाइन वॉज आयसोलेटेड अँड द गॅस्केट वॉज रिप्लेस्ड.'
काकांचं वाचून याच फ्लँजची जुनी फाइल काढली. मागच्या वेळचं लिहिलंय, 'टायटनिंग ऑफ बोल्ट्स वॉज डन'. कोणी केलं, किती टॉर्कला, म्हणजे किती पिळून, केलं, एक अक्षर नाही, आणि आज मला तेच हवं होतं. यावेळी फिटरचं नाव आणि टॉर्क दोन्ही लिहिलंय, खोडलं तरी परत लिहीन.