आईची शुगर हाय, मग बाळाची लो कशी काय?

घरकोंबडी_९१
३६ वा आठवडा चालू आहे. सहाव्या महिन्यात ते ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून टेस्ट केली, दोन तासांनी १६२ आलं, तेव्हापासून पथ्य आणि आता महिनाभर रात्री इन्सुलिन. काल डॉक्टर जाता जाता म्हणाले की बाळ झाल्यावर टाचेतून रक्त काढून त्याची शुगर बघत राहू, लो झाली तर एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा आयसीयू. मला कळतच नाहीये, जास्त माझी आणि कमी बाळाची? सासूबाई म्हणतात जन्मल्या जन्मल्या मधाचं बोट चाटवलं की काम झालं. जाऊबाईंचं तर चालूच आहे, आंबे खाल्लेस म्हणून झालं. कोणाला अनुभव आहे का?

रात्रपाळी
एनआयसीयूत नर्स आहे, सांगते. तुमची साखर वारेतून बाळाकडे जाते पण तुमचं इन्सुलिन जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जादा इन्सुलिन बनवायला लागतं. नाळ कापली की साखरेचा पुरवठा एकदम बंद, इन्सुलिन मात्र तसंच, म्हणून पहिल्या एक-दोन तासांत शुगर खाली येते. कळा चालू असताना तुमची शुगर वाढली तरी फरक पडतो, म्हणून तेव्हा तुम्हालाही सारखं टोचतील, चिडू नका 😄 आमच्याकडे ४० च्या खाली आलं की डॉक्टरांना हाक. मध अजिबात नको हो, वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझमचा, म्हणजे मधातल्या जंतूंमुळे होणाऱ्या विषबाधेचा धोका असतो. पहिल्या तासात अंगावर घ्या, चीक थेंबभर निघाला तरी पाजा.

दोन_पोरांची_आई
माझा थोरला ३.९ किलोचा होता, सगळे कौतुक करत होते काय गुटगुटीत आहे आणि दोन तासांनी शुगर ३१. हात-पाय थरथरत होते, मला वाटलं थंडी वाजतेय म्हणून मी आपली दुपट्यात गुंडाळत बसले, कोणी आधी दोन शब्द सांगितलेच नव्हते. वाटी-चमच्याने पाजलं, तेवढ्याने चढेना म्हणून डेक्स्ट्रोजचं (साखरेचं) सलाइन, दीड दिवस. मग कावीळ, दोन दिवस निळ्या लाइटखाली. आता तिसरीत आहे, घर डोक्यावर घेतो.

सदाशिव_पेठी
बाळ बारीक आहे म्हणून त्याची शुगर टेस्ट नको असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. पुण्यात केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांनी आपली बाळं मोजली, सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५. पण कातडीखालची चरबी आपल्या बाळांत त्या मानाने फार कमी नव्हती, वजन घटलं ते बाकीच्या अंगात. त्यामुळे नुसत्या काट्यावर भरवसा नाही. आणि ताई, बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत तुमची स्वतःची ती ग्लुकोजवाली टेस्ट परत करा, बारशाच्या गडबडीत नेमकी तीच राहते.

घरकोंबडी_९१
@रात्रपाळी थँक्यू हो, सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाल्या आमच्या वेळी सगळ्यांना चाटवायचे. पण थोड्या वेळाने बघते तर मधाची बाटली वरच्या फळीवर गेलीये. एकच राहिलं, टाचेला टोचतात ते फार दुखतं का त्याला?

रात्रपाळी
रडतं थोडं. छातीशी धरून पाजत असताना टोचायला सांगा, कडेला टोचतात, पुष्कळदा कळतही नाही. आईच जास्त रडते.