मदत हवी आहे: शाळेच्या निधिसंकलनात रकमेऐवजी काय मोजावे?

नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावी अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवते आणि यंदा आठवी 'ब'ची वर्गशिक्षिका आहे. पुढील महिन्यात आमच्या वर्गाने समाजोपयोगी कामासाठी निधी उभारायचा असून त्याची जबाबदारी मुख्याध्यापकांनी माझ्याकडे सोपवली आहे. मुलांना अशा कामात गुंतवूच नये असे माझे म्हणणे नाही, परंतु गेल्या वर्षीच्या अनुभवानंतर जुन्या पद्धतीने तेच पुन्हा करायला मन धजत नाही.

गेल्या वर्षी एका सेवाभावी संस्थेचे प्रतिनिधी परिपाठाच्या वेळी येऊन दहा मिनिटे बोलले आणि प्रत्येक मुलाच्या हाती वीस ओळींचे एक कार्ड देऊन गेले. देणगीदाराचे नाव, रक्कम आणि सही असे तीन रकाने होते, आणि जमलेल्या रकमेनुसार प्रमाणपत्र किंवा पदक मिळणार होते. कार्डे परत आली तेव्हा ती तपासायला मीच बसले होते. एका कार्डावरच्या वीसही ओळी एकाच वळणदार, मोठ्या माणसाच्या अक्षरात होत्या, प्रत्येक ओळीत शंभर रुपये होते आणि सह्या तेवढ्या दोन रंगांच्या पेनांनी आलटून पालटून केलेल्या होत्या. दुसरे कार्ड कंपासपेटीत मावावे म्हणून चार घड्या घातलेले होते आणि त्यावर दोनच ओळी होत्या: किराणा दुकानदाराचे दहा रुपये आणि मुलाच्या स्वतःच्या नावाचे पाच. हा मुलगा आठवडाभर संध्याकाळी तीन गल्ल्या फिरला होता, हे मला नंतर त्याच्या मित्राकडून समजले. पदक अर्थातच पहिल्या कार्डाला मिळाले. त्या मुलाविषयी माझी तक्रार नाही. त्याला तर आपल्या कार्डावर कोणाची नावे आहेत हेही सांगता आले नाही.

इतिहासाच्या तासाला मी पैसा फंडाची माहिती सांगते. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून केवळ एक पैसा मागण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि त्या फंडातून 1908 साली तळेगावला काच कारखाना उभा राहिला. यंदा हे सांगत असताना एका मुलीने विचारले, "बाई, मग जास्त देणाऱ्याला बक्षीस नव्हते का?" मला पटकन उत्तर सुचले नाही. दरवर्षी 7 डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिनानिमित्त आपण छातीवर जो लहानसा कागदी ध्वज लावतो, त्यावर लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन दलांचे पट्टे असतात, पण लावणाऱ्याने किती रुपये दिले हे त्यावरून कोणालाही कळत नाही. आमच्या कार्डावर नेमके तेवढेच कळत होते.

यंदा आम्ही आधी काम ठरवले आणि मग पैशांकडे वळलो. मुलांच्या दोन गटांनी सोमवारी सकाळी जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन पाहिले, तेव्हा केसपेपरच्या रांगेत एकतीस माणसे होती आणि बसायला बाके दोनच होती, त्यांपैकी एकाचा पाय मोडलेला होता. दोन नवी बाके द्यावीत असे वर्गाने ठरवले, डॉक्टरांनीही ती लेखी पत्र घेऊन स्वीकारण्याची तयारी दाखवली आहे. पैसे बाल आनंद मेळाव्यात पदार्थ विकून उभारायचे आहेत. मला पुढील बाबतींत मदत हवी आहे.

गटागटांची चढाओढ टाळायची असेल, तर रकमेऐवजी कशाची नोंद घ्यावी? घरून फुकट आलेल्या सामानाचा हिशेब कसा धरावा? गेल्या मेळाव्यात भेळेच्या गटाने 910 रुपयांची विक्री करून तेवढाच नफा जाहीर केला, कारण चुरमुऱ्यांपासून चिंचेच्या चटणीपर्यंत सर्व काही आयांनी पुरवले होते. आणि शेवटचा प्रश्न असा की, बाकांवर 'आठवी ब यांजकडून सप्रेम भेट' असे रंगवून घ्यावे असा मुलांचा आग्रह आहे. जिथे पंख्याच्या पात्यांवरसुद्धा देणगीदाराचे नाव असते, तिथे त्यांना नाही कसे म्हणावे?

प्रतिसाद

मॅडम, नमस्कार. मी सेवानिवृत्त शिक्षक असून अनेक वर्षे शाळेचे स्काउट पथक सांभाळले आहे. स्काउटमध्ये 'खरी कमाई' नावाचा उपक्रम असतो, आणि त्यातला 'खरी' हा शब्दच आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे मला वाटते. आमच्या पथकात मुलाने स्वतःच्या हाताने केलेल्या कामाचेच पैसे धरले जात. सायकल पुसून मिळालेले पाच रुपये चालत, वडिलांनी खिशातून काढून दिलेले पन्नास चालत नसत. वहीत रकमेच्या आधी 'काम' हा रकाना होता आणि तो रिकामा असेल, तर पुढची रक्कम आम्ही परत करत असू. पहिल्या वर्षी पालक नाराज झाले, हेही सांगून ठेवतो.

सामानाबाबत: घरून आलेली प्रत्येक वस्तू त्या दिवशीच्या बाजारभावाने खर्चाच्या बाजूला लिहायला लावा. आपल्या भेळेचे सामान समजा 640 रुपयांचे असेल, तर कमाई 270 रुपये होते, आणि 640 रुपये ही आयांची देणगी म्हणून वेगळी दाखवावी लागते. भाव विचारण्यासाठी मुलांनाच दुकानात पाठवा. कांद्याचा दर ऐकून आमच्या एका मुलाने भेळेतला कांदा निम्म्यावर आणला होता. भांडवल शाळेने सर्व गटांना सारखेच द्यावे आणि विक्रीतून आधी ते परत घ्यावे. पैसे एकाच कुलूपबंद पेटीत टाकले, तर गटागटांची तुलना आपोआप थांबते. पेटी सर्वांसमोर उघडून मोजावी आणि पत्रकावर दोन विद्यार्थी व दोन शिक्षक यांच्या सह्या घ्याव्यात.

मेळाव्यात पदार्थ विकणे निराळे आणि गावात वर्गणी मागत फिरणे निराळे. गणेशोत्सव मंडळेही वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडून कलम 41 क खाली परवानगी घेतात, त्यामुळे आवाराबाहेर पैसे मागायचे झाल्यास संस्थेच्या कार्यालयाला आधी विचारा. मुलांना एकटे दारोदार तर पाठवूच नका.

नावाविषयी मी थोडा कठोर आहे. मुलांना पुन्हा एकदा त्या रांगेजवळ नेऊन उभे करा आणि बसलेल्या आजीला नाव वाचायचे असेल तर उठावे लागेल, हे दाखवा. तरीही आग्रह राहिला, तर बैठकीच्या खालच्या बाजूला लिहू द्या.

धागाकर्ती

सर, मनःपूर्वक आभार. 'काम' हा रकाना आज फळ्यावर आखला. भांडवल प्रत्येक गटाला 300 रुपये द्यायला मुख्याध्यापकांनी मान्यता दिली असून पेटी शाळेतल्या जुन्या मतपेटीसारख्या खोक्याचीच करणार आहोत. पदके आणि यादीवाचन या वर्षी नाही.

नावाबाबत वर्गात मतदान झाले. एकवीस विरुद्ध सतरा मतांनी नाव बैठकीच्या खाली लिहायचे ठरले. हरलेल्या गटाचे म्हणणे आहे की, तिथे लिहिले तर सुताराशिवाय ते कोणी वाचणार नाही. आता एकच अडचण उरली आहे. घरचे सामान बाजारभावाने दाखवणाऱ्या जमाखर्च पत्रकाचा, आठवीच्या मुलांना स्वतः भरता येईल असा सोपा नमुना आपल्याकडे किंवा इतर कोणाकडे असल्यास कृपया इथे द्यावा. मेळावा तिसऱ्या शनिवारी आहे.