एक्सेलमधली ओळ झटकन वर-खाली कशी न्यायची?

पोळीभाजी_ताई:
सदाशिव पेठेत माझी घरगुती मेस आहे. सध्या 64 डबे, बहुतेक एमपीएससीची मुलं. एक्सेलमधल्या यादीचा क्रम म्हणजे आमच्या डबेवाल्या दादांचा रस्ता: नागनाथ पार, खुन्या मुरलीधर, मग भिकारदास मारुती. त्यामुळे नावाप्रमाणे सॉर्ट करून काही उपयोग नाही. आणि ही पोरं सारखी खोल्या बदलतात! मग मी नवीन जागी रिकामी ओळ घालते, जुनी कट करून तिथे पेस्ट करते, मागे उरलेली रिकामी ओळ काढते आणि अनुक्रमांक परत टाइप करत बसते.

काल कंटाळून ओळ सरळ माउसने ओढली. काहीतरी विचारलं, मी ओके दाबलं, आणि 23 नंबरचा मुलगा यादीतून गायब. पावणेदोनला त्याचा फोन, "काकू, आज माझा डबा नाही का?" शेवटी घरी बोलावून जेवू घातलं.

कारकून_नाना:
ते विचारत होतं, "इथे आधीच मजकूर आहे, त्याच्यावर टाकू का?" तुम्ही हो म्हणालात.

डावीकडच्या ओळीच्या आकड्यावर क्लिक करा, अख्खी ओळ निवडली जाईल. माउस ओळीच्या कडेवर न्या, चार बाण दिसले की शिफ्ट दाबून ओढा. दोन ओळींच्या मधे आडवी रेघ दिसेल, तिथे सोडा. आधी माउस सोडायचा, मग शिफ्ट. उलटं केलंत की पुन्हा 23 नंबर उपाशी.

माउसद्वेष्टा:
माउस कशाला? शिफ्ट-स्पेसने ओळ निवडा, कंट्रोल-एक्स. हवी त्या ओळीवर जाऊन परत शिफ्ट-स्पेस, मग कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह. ओळ तिच्या वर जाऊन बसते, मागे रिकामी जागा उरत नाही. गूगल शीट्समध्ये तर ओळीचा आकडा धरून ओढला तरी चालतं, शिफ्टही लागत नाही.

पोळीभाजी_ताई:
नाना, जमलं! पण आता दादा म्हणतात, रस्ता खणलाय, उद्यापासून फेरी उलटी. 64 वेळा ओढू?

कारकून_नाना:
छे. शेजारी "मार्ग" नावाचा रकाना करा आणि 10, 20, 30 असे आकडे द्या. मधे कोणी आलं तर त्याला 25 द्या. मग सगळी यादी निवडून त्या रकान्यावर सॉर्ट करा; उलटी फेरी म्हणजे मोठ्याकडून लहानाकडे. फक्त तो एकच रकाना निवडून सॉर्ट करू नका, नाहीतर आकडे हलतील आणि नावं जागेवरच राहतील.

अनुक्रमांक हाताने टाइप करणं बंद. बरोबरचं चिन्ह, रो, रिकामा कंस, वजा 1 असं सूत्र खालपर्यंत ओढा (मथळ्याच्या दोन ओळी असतील तर वजा 2). ओळ कुठेही गेली तरी आकडा आपोआप बरोबर.

पोळीभाजी_ताई:
सॉर्ट केलं तर मर्ज केलेल्या सेल्सबद्दल तक्रार करतंय. वाड्याचं नाव चार-चार ओळींत मिळून एकदाच लिहिलंय, छान दिसतं म्हणून.

माउसद्वेष्टा:
मर्ज काढा आणि प्रत्येक ओळीत वाड्याचं नाव लिहा. दिसायला वाईट दिसेल, दिसू दे.

पोळीभाजी_ताई:
काढलं. फेरी उलटी झाली, 23 नंबर आता 42 वर आहे. त्याला पहिल्यांदा फोन करून सांगितलं, डबा येणार आहे, पण आता अर्धा तास उशिरा.