देवावर सोडायचं म्हणजे काय करायचं?
'हात टेकल्यावर सगळं देवावर सोडा म्हणतात, पण सोडायचं कसं?' हा प्रश्न अगदी रास्त आहे. नुसतं सांगून मन सुटत नाही, आधी हाताला काम द्यावं लागतं. १०८ मण्यांची माळ मधल्या बोटावर धरून अंगठ्यानं ओढायची, तर्जनी लावायची नाही. मेरुमणी (माळेच्या टोकाचा मोठा मणी) आला की तो न ओलांडता माळ उलटी फिरवायची. दर मण्याला 'राम कृष्ण हरी' सावकाश म्हटलं तरी एक माळ ५-६ मिनिटांत होते.

बिघडतं ते नेमात. संकटाच्या रात्री माणूस रोज ११ माळांचा नेम धरतो, चार दिवसांत तो मोडतो आणि वर देव कोपल्याची भीती बसते. एकच माळ धरा. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या सभामंडपात बसा, तिथल्याच गोदाकाठच्या रामकुंडावर बसा, दवाखान्याच्या बाकावरही चालते (खरी गरज तिथेच असते). रुग्णाच्या औषधाची वेळ झाली तर माळ अर्धी ठेवून उठा, तीही सेवाच.