पीएस२ चे बायोस कुठून घ्यावे? (तातडीने मदत हवी आहे)

सागर_कोथरूड :
संगणकावर पीसीएसएक्स२ (पीएस२ म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन २ चे खेळ संगणकावर चालवणारे सॉफ्टवेअर, एम्युलेटर) बसवले आहे, परंतु ते बायोसची (कन्सोल सुरू करणाऱ्या सोनीच्या मूळ प्रोग्रॅमची) फाइल मागते आणि पुढे सरकतच नाही. ही फाइल जालावर सहज सापडते, तर ती घेतल्यास कायद्याची अडचण येते का, एवढेच सांगावे. रविवारी भाचे येणार आहेत.

अनिकेत_ठाणे :
आपल्याकडे स्वतःचा कन्सोल आहे का, तो सुरू होतो का आणि डिस्क मूळ आहेत की मोडचिपच्या (कन्सोलवर नकली डिस्क चालू देणाऱ्या चिपच्या) काळात सर्रास मिळत त्या नकली, हे कळल्याशिवाय काय सांगणार?

जुना_खेळाडू :
उगाच घाबरवू नका. सोनी विरुद्ध कनेक्टिक्स (प्लेस्टेशनचा एम्युलेटर बनवणारी कंपनी) या खटल्यात अमेरिकेतील अपील न्यायालयाने २००० सालीच एम्युलेटरच्या बाजूने निकाल दिला आहे.

अनिकेत_ठाणे :
तो निकाल एम्युलेटर बनवण्याविषयी आहे. कनेक्टिक्सने सोनीच्या बायोसची प्रत केवळ अभ्यासापुरती केली होती आणि विकलेल्या उत्पादनात सोनीचा कोड नव्हता, म्हणून ते सुटले. पीसीएसएक्स२ ला मात्र सोनीचेच बायोस लागते. शिवाय निकाल अमेरिकेचा आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला राखीव प्रत करण्याची मुभा देते. कुणीतरी जालावर टाकलेली प्रत त्यात बसते, असे मला वाटत नाही.

पल्लवी_ब :
युझू हे एम्युलेटर मुळीच वापरू नका. मार्च २०२४ मध्ये त्याच्या निर्मात्यांनी निन्टेन्डोला २४ लाख डॉलर देण्याचे मान्य करून ते बंद केले.

जुना_खेळाडू :
ताई, युझू निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलसाठी होते. इथे पीएस२ चा प्रश्न आहे.

मुक्तस्रोत :
'प्ले!' हा एम्युलेटर घ्या, त्याला बायोस लागतच नाही. मी प्रत्येक धाग्यावर हेच सांगतो, पण ऐकतो कोण?

जुना_खेळाडू :
कारण त्यात कित्येक खेळ मध्येच अडकतात.

सागर_कोथरूड :
डिस्क मूळ आहेत. कन्सोल सुरू होतो, पण लेन्स गेल्यामुळे डिस्क वाचत नाही, म्हणून तर हा खटाटोप. एक 'बायोस पॅक' डाउनलोड केला आहे, त्यात ईएक्सई फाइल आहे. ती चालवू का?

अनिकेत_ठाणे :
अजिबात नको. बायोस ही साधारण ४ एमबीची बिन फाइल असते; तिच्या नावाखाली ईएक्सई मिळाली, तर ती व्हायरसच समजून काढून टाका. लेन्स गेली तरी बिघडत नाही. फ्री मॅकबूट (डिस्कशिवाय मेमरी कार्डावरून इतर प्रोग्रॅम चालू करू देणारे सॉफ्टवेअर) घातलेले मेमरी कार्ड लावून कन्सोल सुरू करा आणि बायोसड्रेन हा प्रोग्रॅम वापरून बायोस पेनड्राइव्हवर उतरवा. डिस्कसाठी संगणकाचा साधा डीव्हीडी ड्राइव्ह पुरतो. इमेजबर्न या प्रोग्रॅमने डिस्कची आयएसओ (संपूर्ण प्रतीची फाइल) करून घेतल्यास डिस्कवरचे ओरखडेही वाढणार नाहीत. मात्र कन्सोलच्या मागचा मॉडेल क्रमांक कळवा, कारण ९०००० मालिकेतल्या शेवटच्या कन्सोलवर फ्री मॅकबूट चालत नाही.

सागर_कोथरूड :
क्रमांक ७७००० मालिकेतला आहे. असे तयार कार्ड पुण्यात कुठे मिळेल?