सेसना १५२ चा कमरेचा पट्टा काठाला विरलाय, बाहेर शिवून घेतला तर चालेल का?

हँगरमधला_नवखा
नमस्कार मंडळी. मी एका फ्लाइंग स्कूलमध्ये टेक्निशियन आहे, लायसन्सचे दोन पेपर अजून बाकी आहेत. आमच्याकडे १९८० सालचं सेसना १५२ आहे, दोन सीटचं शिकाऊ विमान. परवा शंभर तासांच्या तपासणीत डाव्या सीटच्या कमरेच्या पट्ट्याला बोटभर लांबीत दशा निघालेल्या दिसल्या. फक्त बाहेरच्या काठाला, आतला काठ धड आहे. खांद्याचा पट्टा ठीक वाटतो, रंग मात्र उडालाय. कमरेच्या पट्ट्याचं लेबल वाचता येत नाही.

नवीन जोड बाहेरून मागवायची तर पैसे आणि दिवस दोन्ही जाणार, आणि एआरसीची, म्हणजे विमान उडण्यालायक असल्याच्या तपासणी-दाखल्याची, तारीख पुढच्या महिन्यात. मॅनेजर साहेब म्हणतात, गावात गाड्यांची सीट कव्हरं शिवणारा चांगला कारागीर आहे, मोटारीच्या बेल्टची पट्टी घालून घ्या, बकल आपलंच ठेवा. आमचे इंजिनिअर सर रजेवर आहेत. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते साहेबांना नीट सांगता येत नाही. कुणी सांगेल का?

उजवी_सीट
मी इन्स्ट्रक्टर आहे. कारागिराचं मला कळत नाही, पण तोवर खांद्याचा पट्टा चांगला असेल तर विमान उडवायला काय हरकत? आमच्याकडे विद्यार्थी उलटं करतात, कमरेचा लावतात आणि खांद्याचा वरच अडकवून ठेवतात.

सेफ्टी_सेक्शन
नवख्या, तुला पटत नाही तेच बरोबर आहे. आधी त्या पट्ट्याला ‘वापरू नये’ असा लाल टॅग लाव आणि स्नॅग शीटवर, म्हणजे बिघाडांच्या नोंदपत्रकावर, लिही. तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी विसरतात, लिहिलेलं राहतं.

मी हवाई दलात सेफ्टी इक्विपमेंटच्या ट्रेडमध्ये एकवीस वर्षं काढली, नंतर लहान विमानांच्या हँगरमध्ये. सगळा जन्म पट्टे, टाके आणि बकलं बघण्यात गेला, म्हणून थोडं लांबलचक लिहितोय.

तुमच्या १५२ च्या काळातल्या नियमांत पुढच्या दिशेचा भार ९ जी, म्हणजे वजनाच्या नऊपट, धरलेला आहे आणि माणूस १७० पौंडांचा, म्हणजे ७७ किलोचा. गुणाकार केलास तर जवळजवळ ७०० किलो. हा भार पट्टा, टाके, बकल आणि जमिनीचा बोल्ट अशा साखळीतून जातो. विरलेला काठ ही त्यातली तुला दिसलेली कडी.

आता कारागिराचं. त्याचं कौशल्य खरं असेल, मी नाकारत नाही. पण एका हँगरमध्ये मी असा शिवलेला पट्टा हातात धरलेला आहे. जाड सुई, जाड दोरा, पट्ट्याच्या रुंदीभर आडव्या तीन शिवणी. दिसायला मूळच्यापेक्षा मजबूत. तो काढून मी एक टोक बांधलं आणि दुसऱ्याला चेन पुलीने ताण दिला. दोरा तुटला नाही. सुईच्या भोकांच्या रेषेत पट्टाच फाटला, टपाल तिकीट फाडतात तसा. त्या पट्ट्यावर त्या आठवड्यात सोळा-सतरा वर्षांची पोरं उडाली होती. तो आवाज मला अजून आठवतो.

दुसरं, लेबल. त्यावर टीएसओचा, म्हणजे विमानाच्या भागांसाठीच्या अमेरिकन मानकाचा, क्रमांक, पार्ट नंबर, तयार केल्याची तारीख असते. नुसत्या कमरेच्या पट्ट्याला टीएसओ-सी२२, खांद्यासकट हार्नेसला सी११४. लेबल वाचता येत नसेल तर तो पट्टा कुठला, केव्हाचा, हे सिद्धच करता येत नाही. वेबिंग, म्हणजे पट्ट्याची विणलेली पट्टी, बदलता येतं, पण ज्यांना त्याच कामाची मान्यता आहे अशा शॉपकडूनच. तिथून सीए फॉर्म १, म्हणजे भाग वापरायोग्य असल्याचा अधिकृत दाखला, घेऊन पट्टा परत येतो. बाहेरदेशी पाठवलास तर तिकडचा रिलीज कागद. कारागीर हा कागद देऊ शकत नाही.

आणि उजवी सीट, तुम्हाला कळकळीने सांगतो, कमरेचा पट्टा विरलेला असताना उडवू नका. खांद्याचा पट्टा त्या विमानात कमरेच्याच पट्ट्याच्या कडीत अडकतो. कमरेचा गेला की खांद्याचाही गेला. विद्यार्थ्यांना खांद्याचा लावायलाच लावा. १८ जुलै १९७८ नंतर बनलेल्या लहान विमानांना अमेरिकेत पुढच्या सीटसाठी तो सक्तीचा आहे. तिथल्या एनटीएसबीने, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेने, १९८५ च्या अभ्यासात म्हटलंय की गंभीर जखमी झालेल्यांपैकी ८८ टक्के लोकांच्या जखमा खांद्याच्या पट्ट्याने बऱ्याच कमी झाल्या असत्या.

नवख्या, तुला मात्र एक प्रश्न. दशा फक्त बाहेरच्या काठालाच का? ऊन, धूळ, घाम दोन्ही काठांना सारखे लागतात. एकाच काठाला लागतं ते घासणं. ते सापडेपर्यंत नवीन पट्टा बसवू नकोस.

गॅरेजवाला_कोल्हापूर
काका, राग मानू नका, पण मोटारीचा बेल्टही अपघातातच माणूस वाचवतो. त्याची पट्टी कमजोर कशी?

सेफ्टी_सेक्शन
राग कशाचा, प्रश्न रास्त आहे. पट्टी कमजोर नाही, चांगली मजबूत असते. अडचण जोडीची आहे. विमानाच्या बकलात लांबी कमी-जास्त करायचा दातेरी रूळ असतो, तो ठरावीक जाडीच्या आणि ठरावीक विणीच्या पट्ट्यावरच पकड घेतो. मोटारीची पट्टी पातळ आणि गुळगुळीत, कारण ती रिळात भराभर गुंडाळायची असते. त्या रुळाखाली ती झटक्यासरशी सरकू शकते. शिवाय विमानातल्या वेबिंगला आगीची चाचणी वेगळी असते.

हँगरमधला_नवखा
काका, साहेबांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. टपाल तिकिटापाशी ते गप्प झाले. विमान उभं केलंय. घासणं कसं शोधू?

सेफ्टी_सेक्शन
छान. साहेबांनाही माझा नमस्कार सांग.

१५२ चे कमरेचे पट्टे सीटला नसतात, जमिनीवरच्या फिटिंगला बोल्टने धरलेले असतात. बकलाचा भाग आतल्या बाजूला, जिभेचा भाग दाराकडे. म्हणजे सीट पुढेमागे सरकते आणि पट्टा तिथेच राहतो. सीट पूर्ण मागे घे, टॉर्च घेऊन आडवा हो, मग कुणाला तरी सीट हळूहळू पुढे घ्यायला सांग. सीट ज्यावर सरकते त्या जमिनीवरच्या रुळाला पट्टा लागतो की सीटच्या सांगाड्याला, ते बघ. रुळाच्या भोकांची तपासणी तुमच्याकडे शंभर तासांना होतच असेल, तिथेच झोपलायस तर तीही मनापासून कर.

टोकाचं फिटिंग बोटाने हलवून बघ. ते बोल्टभोवती सहज फिरलं पाहिजे.

खांद्याच्या पट्ट्याचंही सांगतो. बकलाखाली लपणारा तुकडा बाहेर काढ आणि उघड्या भागाशेजारी धर. रंगात ठळक फरक दिसला तर काचेतून येणाऱ्या उन्हाने तो खाल्लाय. बोटावर दुमडून भिंगातून बघ. बारीक लव चालते, तुटलेला आडवा धागा किंवा उसवलेला टाका चालत नाही. कडक लागत असेल तर बदलच. धुवायचा तर कोमट पाणी, साधा साबण, सावलीत वाळवायचा. ब्लीच नको, रंग नको, पेट्रोल नको.

हँगरमधला_नवखा
तीन आठवड्यांनी लिहितोय. काका, सापडलं. दाराकडच्या बोल्टवर पार्ट्स कॅटलॉगमधला स्पेसर (फिटिंग मोकळं फिरावं म्हणून अंतर राखणारी नळी) नव्हताच, त्याच्या जागी साधा वॉशर घालून बोल्ट आवळलेला. फिटिंग जाम, एकाच कोनात अडकलेलं. सीट पुढे आली की तिच्या सांगाड्याची खालची कड पट्ट्याच्या बाहेरच्या काठावरून जायची. कडेवर पट्ट्याचे राखाडी तंतू चिकटलेले होते, चिमट्याने काढून पाकिटात ठेवलेत.

खांद्याचा पट्टाही बाद झाला. लपलेला तुकडा निळा निघाला, बाहेरचा जवळजवळ पांढरा. सरांनी दोन्ही सीटचे नवीन जोड मागवले, काल कागदांसकट आले. आज स्पेसर घालून बसवले. एआरसीची तारीख मात्र हुकली, विमान अजून जमिनीवरच आहे.

सेफ्टी_सेक्शन
तारखेचं वाईट वाटून घेऊ नकोस. आता सरांसमोर स्वतः बसून बघ, सीट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे दोन्हीकडे. कमरेचा पट्टा आधी आवळायचा, तो कमरेच्या हाडांवरून जमिनीकडे ४५ ते ५५ अंशांत गेला पाहिजे. मग खांद्याचा, आणि त्याने कमरेचा पट्टा पोटावर ओढला जातोय का ते बघायचं. बकल पोटाच्या मध्यावर नको, कुशीला हवं. १९१७ मध्ये टेक्सासात ह्यू डी हेवन नावाचा शिकाऊ वैमानिक हवेतल्या टकरीतून वाचला, पण त्याच्या पट्ट्याच्या बकलानेच त्याचं पोट आतून फाडलं. पुढे त्याने आयुष्य अपघातातल्या जखमांच्या अभ्यासात घातलं.

ताण ठेवून बकल एका हाताने उघडतं का, तेही दहादा कर. आणि ते तंतूंचं पाकीट स्नॅग शीटला लाव.